मथळ्याचं अक्षर : ओतलेलं की काढलेलं?

इंग्रजी मथळ्यासाठी फाँट शोधायला बसलं की पर्याय इतके असतात, की संध्याकाळ होते आणि निवड होत नाही. मराठीत उलटं आहे. यादी उघडली की त्यातले निम्मे फाँट एकमेकांसारखे दिसतात, आणि उरलेल्यांपैकी एखादा आवडलाच तर त्यात नेमकं आपल्याला हवं असलेलं जोडाक्षर तुटतं. मग आपण काय करतो? मजकुराचा नेहमीचा फाँट घेतो, जाड करतो, आडवा ताणतो, लाल रंग देतो, त्याला पिवळी कड, त्याबाहेर पांढरी कड आणि वर सावली. पनवेलला उरण नाक्यापासून पळस्पे फाट्यापर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स बघत गेलात तर हा सगळा प्रकार क्रमवार दिसेल.

यावरून कुणी म्हणेल, मराठी माणसाला अक्षराची हौसच नाही. हे साफ चूक आहे. ज्यांनी एकेकाळी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान बघितलंय, त्यांना नाटकाचं नाव वाचायच्या आधी त्याच्या आकारावरून ओळखता यायचं. जुने दिवाळी अंक, पुस्तकांची मुखपृष्ठं, सिनेमाची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे शीर्षकाच्या अक्षरावर जीव ओतलेला दिसतो. मग ज्या भाषेत इतकी देखणी शीर्षकं होती, तिच्यात शीर्षकाचे फाँट मात्र इतके कमी का?

नवीन वाचकांसाठी सांगते: मी एमएस्सी केलं रसायनशास्त्रात, आणि आता पीएचडी करतेय छपाईच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासावर. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी सौंदर्यशास्त्रात न शोधता धातू, आम्ल आणि वजनकाट्यात शोधते. उत्तर थोडक्यात असं: इंग्रजी मथळ्याचं अक्षर ओतलेलं आहे, मराठी मथळ्याचं अक्षर काढलेलं आहे. हा फरक का पडला आणि आज फाँट निवडताना त्याचा काय उपयोग, ते पुढे सांगते.

ओरडणारी अक्षरं कुठून आली

शोभेची, लक्ष वेधून घेणारी अक्षरं हा प्रकार इंग्रजीतही फार जुना नाही. अठराव्या शतकाअखेरपर्यंत मथळा म्हणजे पुस्तकातलंच अक्षर, पण मोठ्या मापाचं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र बदललं. लॉटरीवाले, नाटक कंपन्या, औषधविके यांची पत्रकं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागायला लागली. पुस्तक आपण हातात घेऊन वाचतो, भिंतीवरचा कागद रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवतो. ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हाच्या टाइप ओतणाऱ्यांच्या लक्षात आलं.

रॉबर्ट थॉर्न याच्या नावाशी जोडलेली पोटफुगी 'फॅट फेस' अक्षरं याच काळातली. व्हिन्सेंट फिगिन्स यानं १८१५ च्या सुमारास जाड चौकोनी पायांची अक्षरं विकायला काढली. १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनच्या नमुनापुस्तकात बिनपायांची, म्हणजे ज्याला आपण आज 'सॅन्स' म्हणतो ती अक्षरं पहिल्यांदा दिसली. मग मोठ्या मापाचा धातू फार जड होतो म्हणून न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं यंत्रावर कोरलेली लाकडी अक्षरं आणली. त्याचं नमुनापुस्तक १८२८ चं. पुढच्या काही दशकांत पोस्टर छापणाऱ्याकडे लाकडी अक्षरांचे खणच्या खण भरलेले असत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यातली बरीचशी अक्षरं सुरुवातीला फक्त कॅपिटल होती. २६ अक्षरं, १० आकडे आणि थोडी विरामचिन्हं. तेवढ्यात अख्ख्या इंग्रजी भाषेचे मथळे निघतात.

शिशाचा हिशेब

आता मुंबईत या. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. नंतर त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये लहानपणीच काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून पडलेली अक्षरं इतकी सुबक होती, की निर्णयसागरचा टाइप देवनागरी छापणाऱ्यांमध्ये लांबवर नावाजला गेला. पोलादी ठशाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात रस ओतायचा, की एक खिळा तयार. पुस्तकातल्या मजकुरासाठी यापेक्षा चांगलं देवनागरी अक्षर मागायला जागा नव्हती.

मग याच हातांनी मथळ्यांसाठी पन्नास प्रकारची शोभेची अक्षरं का नाही केली? एक अंदाजी हिशेब मांडू.

खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. नुसतं शिसं मऊ असतं आणि थंड होताना आक्रसतं. अँटिमनीमुळे त्याला कडकपणा येतो आणि आक्रसणं कमी होतं. कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. प्रमाण नीट जमलं तर हे मिश्रण २४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे शुद्ध शिशाच्या ३२७ अंशांपेक्षा बरंच खाली. झकास पदार्थ आहे, पण जड आहे. एका घन सेंटिमीटरला साधारण साडेदहा ग्रॅम.

समजा मथळ्याचा खिळा ७२ पॉइंटचा, म्हणजे सुमारे एक इंच उंच अक्षराचा, आणि सरासरी पाऊण इंचाहून जरा जास्त रुंद. खिळ्याची ठरलेली उभी उंची ०.९१८ इंच. गुणाकार केला तर एका खिळ्याचं वजन सुमारे १२५ ग्रॅम येतं. म्हणजे आठ खिळ्यांचा किलो! १२ पॉइंटचा मजकुराचा खिळा याच हिशेबानं साडेतीन ग्रॅमचा.

इंग्रजी कॅपिटलचा संच घ्या. ४५ प्रकार, प्रत्येकी सरासरी आठ खिळे, एकूण ३६०. वजन ४५ किलो. दोन माणसं उचलतील.

आता देवनागरी. स्वर, व्यंजनं, अर्धी व्यंजनं, जोडाक्षरं, उकार लागलेली अक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, आणि मात्रा-अनुस्वार एकत्र असलेले खिळे वेगळे. मजकुराच्या संचात असे काही शे प्रकार लागत. मथळ्यासाठी काटकसर करून ३०० धरू. अक्षर वाटून गेल्यामुळे सरासरी पाचच खिळे धरू. १,५०० खिळे, १८७ किलो. आणि हे एका मापाच्या एकाच वळणाचं. बारीक, जाड, पोकळ, सावलीचं असे चार प्रकार हवे असतील तर पाऊण टनाचा धातू घरात येऊन पडतो, आणि त्यातले बरेचसे खिळे वर्षातून एकदाही हलत नाहीत. 'ङ्क' चा इंचभर उंचीचा खिळा मथळ्यासाठी किती वेळा लागणार?

वजनापेक्षा मोठा खर्च कोरण्याचा. प्रत्येक प्रकाराचा ठसा हातानं कोरायचा. इंग्रजीत नवं वळण बाजारात आणायचं तर ४५ वेळा, देवनागरीत ३०० वेळा. शिवाय वेलांटी आणि रफार यांचा जो भाग खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावतो तो दाबाखाली तुटतो. लाकडी अक्षरांनी वजन घटलं, पण प्रकारांची संख्या काही घटली नाही.

धातूत शोभेची देवनागरी अक्षरं झालीच नाहीत, असं मात्र समजू नका. जाड अक्षरं होती, पोकळ आणि सावलीची होती, मुंबईच्या टाइप फाउंड्र्या ती विकत होत्या. पण तो धंदा इंग्रजीसारखा वाढणं या हिशेबात बसत नव्हतं. लिपी सुधारण्याच्या ज्या चळवळी झाल्या, सावरकरांची अ ची बाराखडी त्यातलीच, त्यांच्यामागे खिळ्यांची ही संख्या कमी करणं हा एक मोठा हेतू होता.

दगड आणि जस्त

पण मथळा तर हवाच होता. मग वाट निघाली ती खिळ्यांना वळसा घालून.

पहिली वाट शिळाछापाची. आलोइस सेनेफेल्डर यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शोधलेलं हे तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर चालतं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, वर छपाईची शाई फिरवायची. लिहिलेल्या जागी शाई धरते, ओल्या जागी धरत नाही. यात अक्षर छोटं काढा की मोठं, साधं काढा की वेलबुट्टीचं, खर्च तोच. एक अक्षर दोनदा आलं तर दोन्ही वेळा वेगळं काढायलाही कुणाची हरकत नाही. मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहिण्याची सवय असलेल्या समाजाला हे तंत्र लगेच मानवलं यात नवल नाही.

पण वर्तमानपत्र शिळाछापावर चालत नव्हतं. तिथे खिळे होते, आणि खिळ्यांच्या शेजारी चित्र बसवायचं तर तेही खिळ्याइतकंच उंच हवं. ही अडचण सुटली जस्ताच्या ठोकळ्यानं, म्हणजे छापखान्यातल्या भाषेत 'ब्लॉक'नं. फिर्मँ गियो यानं पॅरिसमध्ये १८५० साली जस्तावर उठाव आणण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे तिला फोटोग्राफीची जोड मिळाली. चित्रकारानं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं मोठं काढायचं, कॅमेऱ्यानं ते हव्या त्या मापात आणायचं, प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ते उमटवायचं, आणि पत्रा विरल नायट्रिक आम्लात ठेवायचा. रेषेवर राळेचं संरक्षण असतं, ती टिकते. उघडं जस्त विरघळतं. उरलेला उठाव लाकडावर ठोकला की झाला ब्लॉक.

माझ्या दृष्टीनं या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येतेय. ब्लॉकचा दर चौरस इंचावर ठरायचा. त्यात किती अक्षरं आहेत, कोणती जोडाक्षरं आहेत, भाषा कोणती आहे, याच्याशी आम्लाला काही देणंघेणं नाही. सहा इंच बाय दोन इंचाचा मथळा म्हणजे बारा चौरस इंच, मग त्यात इंग्रजी असो की मराठी. खिळ्यांच्या जगात देवनागरीला लिपीपायी जो भुर्दंड पडत होता, तो जस्ताच्या जगात शून्य झाला.

म्हणून इंग्रजी छापखान्यात मथळा जुळवला जात राहिला आणि मराठीत तो काढला जायला लागला. एका शब्दासाठी तीनशे ठसे कोरण्यापेक्षा एका शब्दासाठी एक चित्रकार केव्हाही स्वस्त. आपल्याकडे जी शीर्षकांची कला बहरली तिच्या मुळाशी कलाप्रेम होतंच, पण हा व्यवहारही होता.

शब्द काढणारी माणसं

या कलेतलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे कमल शेडगे (१९३५–२०२०). टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी, आणि त्याबरोबर नाटकांच्या जाहिराती. वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक १९६२ चं. त्याची अक्षरं शेडगेंची. तिथून पुढे पाच दशकांहून जास्त काळ मराठी रंगभूमीचे शब्द त्यांच्या हातून उतरत राहिले.

त्यांच्यापुढची अडचण तांत्रिक भाषेत मांडून बघा. जाहिरातीच्या पानावर दोन-तीन डझन नाटकं. सगळी एकाच काळ्या शाईत. जागा एक-दोन कॉलम. कागद वर्तमानपत्राचा, म्हणजे शाई शोषून पसरवणारा. अगदी बारीक रेषा अर्धी उडणार, आणि जाड अक्षराच्या आतली पोकळी शाईनं बुजणार. रंग नाही, फोटो धड उमटत नाही. उरतो फक्त आकार. अशा परिस्थितीत वाचकाची नजर पानावरून फिरताना आपल्याच शब्दावर थांबायला हवी. १८१५ च्या लंडनच्या भिंतीवर जो प्रश्न होता तोच हा. उत्तर वेगळं निघालं, कारण साधन वेगळं होतं.

खिळ्याला किंवा फाँटला आपल्या शेजारी कोण येणार ते माहीत नसतं. 'क' ला 'कमळ' मध्येही बसायचंय आणि 'कारखाना' मध्येही. म्हणून त्याला सगळ्यांशी जुळवून घेणारा, सरासरी आकार घ्यावा लागतो. शब्द काढणाऱ्याला मात्र पूर्ण शब्द आधीच माहीत असतो. तो वेलांटी लांबवून तीन अक्षरांवर छप्पर घालू शकतो. उकार खाली पसरून पुढच्या ओळीला आधार देऊ शकतो. शिरोरेषा मधेच तोडू शकतो किंवा पूर्ण गाळू शकतो. शब्दाचा अर्थ त्याच्या अंगावर आणू शकतो. धातूला अडचणीच्या वाटणाऱ्या वेलांट्या, मात्रा आणि उकार हातानं काढणाऱ्यासाठी भांडवल झाल्या. इंग्रजी शब्दाला वर-खाली एवढी मोकळी जागा आणि एवढे अवयव मिळतात कुठे?

पुढे हीच कला सुलेखनाकडेही वळली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरातक्षेत्र, कविता, आयआयटी मुंबईचं अध्यापन आणि संगणकावरची देवनागरी हे सगळं एका आयुष्यात जोडलं. मोडीचा अभ्यास करणाऱ्या अच्युत पालवांची 'मुक्तलिपी' त्याच्या पुढची.

संगणक आला आणि गणित पुन्हा फिरलं

संगणकावरची मांडणी आली तेव्हा हातानं काढणं महाग झालं आणि जुळवणं पुन्हा स्वस्त. एकदा फाँट केला की खिळ्यांचं वजन शून्य. पण इंग्रजीत दीडशे वर्षांची ओतलेली शोभेची अक्षरं संगणकावर उतरवायला तयारच होती. मराठीत उतरवायचं काय? आपली सगळी संपत्ती शब्दांच्या रूपात होती. 'रायगडाला जेव्हा जाग येते' एवढ्या सुंदर शब्दांत 'घ' नाही, 'ठ' नाही, 'ळ' नाही. त्यावरून फाँट होत नाही, करायचा तर उरलेली शेकडो अक्षरं नव्यानं कल्पावी लागतात.

त्यातून सुरुवातीच्या मराठी फाँटांनी एक आडवाट घेतली होती. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. जागा थोड्या, म्हणून जोडाक्षरांना कात्री. त्यात शोभेचे फाँट पुष्कळ होते, आणि डिझाइनची जुनी सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी नीट जुळवत नसल्यामुळे छपाईच्या दुकानांत ते वर्षानुवर्षं टिकले. पण तो मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरांचा काला व्हायचा, आणि शोधला तर सापडायचा नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' घरोघरी पोचला. पण तो पडद्यावर वाचायचा, मजकुराचा फाँट. मथळ्यालाही तोच वापरायचा तर ताणणं आलंच. ताणण्यात काय बिघडतं ते भूमितीनं सांगते. अक्षर आडवं दीडपट केलं की उभ्या दांड्या दीडपट जाड होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. बोरूच्या तिरक्या छाटामुळे देवनागरीत जाड-बारीक रेषांचं जे नातं ठरलंय ते मोडतं. डोळ्याला कारण कळत नाही, पण अक्षर सुजलेलं वाटतं. मग ते झाकायला कड, सावली, चमक.

मोदक, यात्रा आणि इतर

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र खरंच काही बदललंय. ओपनटाइप तंत्रामुळे एका फाँटमध्ये हजार आकारही मावतात, आणि गूगल फाँट्समुळे ते फुकट मिळतात.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा २०१५ मधला 'मोदक' बघा. नावाप्रमाणे गुबगुबीत. देवनागरी जाड करताना खरी पंचाईत होते ती 'क्ष', 'ध', 'भ' यांच्या आतल्या पोकळ्यांची, कारण वरच्या पट्टीत मात्रा, खालच्या पट्टीत उकार आणि मधे अक्षराला जागा थोडी. 'मोदक'नं पोकळी वाचवायचा नादच सोडला, तिथे नुसती बारीक फट ठेवली. तरी शब्द वाचता येतो. फॅट फेसच्या दोनशे वर्षांनंतर देवनागरीला तिचं स्वतःचं पोटफुगं अक्षर मिळालं, आणि ते इंग्रजीची नक्कल नाही. याच संस्थेचा 'बलू' थोडा कमी जाड, जास्त कामाचा.

'यात्रा वन' हा कॅथरिन ली श्मिट यांचा फाँट तर आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचला. त्यातल्या रोमन अक्षरांनाही देवनागरी ब्रशचा कल दिलाय. एरवी देवनागरीला रोमनच्या मागे फरफटत जावं लागतं, इथे उलटं झालंय. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे 'तेको' आणि 'खंड' हे कमी रुंदीत बसणारे. लांबलचक मराठी मथळ्यांना सोयीचे. त्यांचाच 'रोझा वन' जाड-बारीक रेषांचा टोकाचा फरक ठेवणारा.

निवडताना काय बघायचं

हा इतिहास मान्य असेल तर निवडीची रीतही त्यातूनच निघते. फाँटचं नमुनाचित्र बघून ठरवू नका, त्यात अवघड अक्षरं नसतातच. आपला शब्द टाइप करून बघा.

'पनवेल' हा शब्द कुठल्याही फाँटमध्ये बरा दिसतो: चार अक्षरं, एक मात्रा, खाली काही नाही. 'कळंबोली' टाका, म्हणजे 'ळ', अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना धडकतात का ते कळेल. 'कर्नाळा' टाका, रफार कुठे बसतो ते दिसेल. मग 'वऱ्हाड' टाका. हा अर्धा 'र' मराठीचा खास. तो नसलेला फाँट रफार देऊन किंवा पाय मोडून मोकळा होतो, आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या लक्ष्मण देशपांड्यांच्या गाजलेल्या प्रयोगाचं नावच चुकीचं छापलं जातं. समुद्र तो 'दर्या' आणि डोंगरातल्या त्या 'दऱ्या', हा फरक फाँटनं पुसला तर तो फाँट मराठीसाठी नाही, कितीही सुंदर असला तरी. तसंच 'ॲ'. युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्या जागी चौकोन दिसतो आणि 'ॲकॅडमी'ची पाटी अडते.

नंतर 'ल' आणि 'श' बघा. मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं प्रमाण मानलेत. युनिकोडला दोन्ही वळणं एकच, आकार ठरवतो तो फाँट. चांगल्या फाँटमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की आपली वळणं आपोआप येतात. 'शिरढोण' लिहून एकदा तपासा.

आणि शेवटची गोष्ट. मथळा एकदाच लागणार असेल, म्हणजे संस्थेचं नाव, नाटकाचं शीर्षक, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, तर फाँट शोधूच नका. कुणाकडून तरी तो शब्द काढून घ्या. आपल्या लिपीला जे सगळ्यात चांगलं जमतं ते तेच आहे, आणि ते करणारे हात अजून आहेत. आपल्या फडके नाट्यगृहाबाहेर पुढच्या वेळी नाटकाचा फलक दिसला की त्यावरच्या नावात एकच अक्षर दोनदा आलंय का बघा. दोन्ही वेळा अगदी तंतोतंत सारखं असेल, तर तो बहुधा फाँट आहे. जराशी तफावत दिसली, तर शक्यता हीच की कुणीतरी तो शब्द बसून काढलाय.